नांगरलेला उतार

चारुता पहिल्यांदा इटलीला गेली तेव्हा रुचिर दहा वर्षांचा होता. ती परत येईपर्यंत बापलेकांनी आठ दिवस वरणभात आणि अंडी खाऊन काढले, आणि त्याचं रुचिरला कोण कौतुक! आई नसली की घर कसं सैल होतं, हे तो शाळेत सगळ्यांना सांगत सुटला. चारुताला ते ऐकून बरंच वाटलं. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, म्हणजे पुन्हा जायला हरकत नाही, असा सोयीचा अर्थ तिने काढला.

तिचा नवरा प्रसन्न नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामावर होता आणि लग्नानंतर ती त्याच्यामागून डिपेंडंट व्हिसावर आली होती. पुण्यात चित्रकलेचा डिप्लोमा केलेला. इथे सुरुवातीची वर्षं डच शिकण्यात आणि रुचिरला वाढवण्यात गेली. जवळच्या न्यूनेन गावात घर घेतल्यावर माळ्याची खोली तिला मिळाली आणि हात पुन्हा चालू लागला. पण बाहेर रंगवायला बसलं की तिची पंचाईत व्हायची. तिचं लहानपण वाईजवळ गेलेलं. डोंगर बघत वाढलेल्या डोळ्याला इथे टेकायला जागा मिळेना. जमीन सगळी ताटासारखी. मग चित्रकलेच्या वर्गातल्या एका डच बाईने तिला इटलीतल्या मार्के प्रांतातलं एक टेकडीवरचं खेडं सांगितलं, तिथे अदा नावाची एक म्हातारी वरची खोली भाड्याने देते म्हणून. चारुता गेली आणि तिथलीच झाली. दर एप्रिलमध्ये आणि दर ऑक्टोबरमध्ये दहाबारा दिवस. सकाळी एक चित्र, दुपारी एक. आइंडहोव्हनच्या एका गॅलरीत तिची चित्रं लागू लागली, विकली जाऊ लागली.

प्रसन्न स्वतः कधी गेला नाही. रुचिरची शाळा, त्याचं हॉकी, कुणीतरी घरी हवंच. पण तिच्या जाण्याची तयारी तोच करायचा. चित्रांचे ओले बोर्ड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्याने खाचा पाडलेली एक लाकडी पेटी स्वतः बनवून दिली होती, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नसलेली.

नियम एकच होता. रंगवायला बाहेर पडताना चारुता फोन अदाच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी ठेवून जायची. उतारावर हवा तसा उजेड जेमतेम दीड तास टिकतो. त्यात फोन वाजला की नजर तुटते, असं तिचं म्हणणं. घरच्यांना ते ठाऊक होतं. संध्याकाळी ती सगळ्यांना फोन करायची.

त्या ऑक्टोबरमध्ये रुचिर वीस वर्षांचा होता आणि लायडनला शिकत होता. गुरुवारी दुपारी, तीनला वीस कमी असताना, लॅबकडे जाताना तो सायकलवरून पडला. एका कालव्याच्या पुलावर. लोक धावले, कुणीतरी छाती दाबत राहिलं, अँब्युलन्स सहा मिनिटांत आली. काही उपयोग झाला नाही. हृदयात जन्मापासून एक दोष होता आणि तो कधी कुणाला कळण्यासारखा नव्हता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

चारुता साडेचारला टेकडी उतरून आली. खिडकीतल्या फोनवर प्रसन्नचे सतरा मिस्ड कॉल होते. त्यांच्याखाली आणखी दोन. रुचिर, दोन वाजून दहा मिनिटं. रुचिर, दोन चौदा.

पुढचं तिला सलग आठवत नाही. अदाने तिची बॅग भरली, शेजाऱ्याच्या गाडीतून बोलोन्याच्या विमानतळावर पोचवलं. चित्रांची पेटी तशीच मागे राहिली.

क्रियाकर्म झालं, पुण्याहून आलेली माणसं परत गेली, मराठी मंडळातल्या बायकांनी महिनाभर आळीपाळीने डबे पोचवले. डॉक्टरांनी तिला दोनदा समजावलं की तुम्ही फोन उचलला असतात तरी काही बदललं नसतं. चारुता मान हलवायची. पण तिला छळणारा प्रश्न वेगळाच होता. त्याने फोन का केला होता? दुपारी आई फोन घेत नाही हे त्याला लहानपणापासून पाठ. तरीही केला, आणि चार मिनिटांत पुन्हा केला. त्याला बरं वाटत नव्हतं का? छातीत काही होतंय, असं सांगायचं होतं का? रुचिरचा फोन त्याच्या बोटाच्या ठशाने उघडायचा, तो कायमचा बंदच राहिला. विचारायला कुणी उरलं नव्हतं.

हा प्रश्न ती प्रसन्नला विचारायची. भांडी पुसताना, गाडीत, अंथरुणावर पडल्या पडल्या. प्रसन्न म्हणायचा, नको त्यात शिरूस. कधी नुसताच तिचा हात धरून बसायचा.

एका रविवारी सासूबाईंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. वासंतीबाई वाईट बाई नव्हत्या, पण नातू गेल्यापासून त्यांच्या जिभेचा लगाम सुटला होता. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "फोन जवळ ठेवला असतास तर निदान पोराचा आवाज तरी कानावर पडला असता तुझ्या."  प्रसन्न तिच्या शेजारी, तिच्या खांद्याला खांदा लावून बसला होता. तो काही बोलला नाही. आईचा मान म्हणून गप्प राहिला असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

नोव्हेंबरच्या शेवटी अदाने ती पेटी पोस्टाने पाठवली. वरच्याच खाचेत त्या दुपारचा बोर्ड होता. चारुताने तो बाहेर काढला आणि उजेडात धरला. नांगरलेला उतार, ओल्या मातीचा तो जळका तांबूस रंग, वरच्या कडेला तुतीची चार झाडं, आणि डावीकडून आलेलं ऊन ढेकळाढेकळावर अडकून राहिलेलं. दहा वर्षं ती जे पकडायला धडपडत होती ते त्या दीड तासात तिच्या हाताला लागलं होतं. इतकं चांगलं चित्र तिने आजवर काढलं नव्हतं. तिने ते माळ्यावर नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि ब्रश धुऊन कपाटात टाकले.

आठवड्याभराने ती बाजारातून आली तर चित्र बैठकीच्या खोलीत टांगलेलं. ती संतापली. काढ ते, म्हणाली, मला ते डोळ्यांसमोर नको. प्रसन्न शिडीजवळ उभा होता.

"त्या वेळी या घरातलं एक माणूस तरी सुखात होतं," तो म्हणाला. "मला ते बघायचंय. राहू दे."

 चित्र राहिलं. आपला नवरा किती मोठ्या मनाचा आहे, एका शब्दाने आपल्याला बोल लावत नाही, असं तिच्या मनात आलं आणि ती जिन्यात बसून रडली.

दोन वर्षं अशीच गेली. ती रंगांना शिवली नाही. गॅलरीवाल्याने आधी चौकशी केली, मग सोडून दिली. दोन वर्षं पुरी होताना, ऑक्टोबरमध्ये, प्रसन्न आपणहून म्हणाला की मला ते गाव दाखव. दोघं जाऊ. चारुताला जायचं नव्हतं. पण त्याने आजवर तिच्याकडे मागून असं काहीच घेतलं नव्हतं, म्हणून ती तयार झाली.

अदा दारातच तिच्या गळ्यात पडली आणि आपल्या भाषेत पुष्कळ बोलली. जेवणं झाली. दुपारी दोनच्या सुमाराला प्रसन्न म्हणाला, चल, तू जिथे उभी होतीस तिथे ने. दोघं चढण चढून गेली. शेत नुकतंच नांगरलेलं होतं. चारुताने बांधाजवळची जागा दाखवली. प्रसन्न तिथे थोडा वेळ उभा राहिला आणि मग कपड्यांचा विचार न करता खाली मातीत बसला.

"चारू, त्याने मलापण फोन केला होता."

तिला आधी वाटलं, तो कुठल्या तरी दुसऱ्या दिवसाबद्दल बोलतोय.

"दोन सोळाला. तू घेतला नाहीस म्हणून मला केला. मी घेतला."

ती उभीच होती. तो खाली बघत सांगत होता. मीटिंग चालू होती, समोर कस्टमर बसलेला. तो उठून बाहेर पॅसेजमध्ये गेला होता. चाळीसएक सेकंद. रुचिर म्हणाला, आई फोन घेत नाहीये. प्रसन्न म्हणाला, ती चित्र काढत असेल, मी मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बोलू.

"त्याला बरं नव्हतं का?" चारुताने विचारलं. 

"नाही गं. बरा होता. काहीतरी खात होता."

"बरा होता."

"हो."

खाली गावात कुणीतरी ट्रॅक्टर सुरू केला. 

"दोन वर्षं मी तुला हेच विचारत होते," ती म्हणाली. "रोज."

प्रसन्न सांगू लागला. पहिल्या दिवशी वाटलं, सगळं उरकल्यावर सांगू. मग वाटलं, तेरावं होऊ दे. मग एकेक दिवस गेला तसं जास्तच अवघड होत गेलं. संध्याकाळी बोलू म्हणालो, आणि संध्याकाळ आलीच नाही, हे मला माझ्या तोंडाने सांगवेना. तू स्वतःला दोष देत होतीस, चारू, आणि मला त्याच्याआड लपायला जागा मिळाली. एवढं बोलून तो रडायला लागला. तिने त्याला इतकं रडताना कधी पाहिलं नव्हतं, लायडनच्या हॉस्पिटलमध्येही नाही.

"आई बोलल्या तेव्हा तू माझ्या शेजारी बसला होतास," ती म्हणाली.

"हो."

याहून जास्त तिने काही विचारलं नाही. ती उतार उतरून खाली आली. तो मागून आला तेव्हा ती बॅग भरत होती.

घाईत आटोपलेल्या त्या फोनबद्दल तिने त्याला केव्हाच माफ केलं होतं. त्याच पॅसेजमध्ये ती असती तर तीही हेच बोलली असती. पण प्रत्येक वेळी ती विचारायची आणि तो तिचा हात धरायचा, तेव्हा उत्तर त्याच्याजवळ होतं. दोन शब्दांचं उत्तर. ते हात धरणं तिला आता अंगावरून धुऊन काढावंसं वाटू लागलं. त्याने परोपरीने विनवलं, मराठी बोलणाऱ्या एका समुपदेशक बाईंकडे दोघं चारदा जाऊनही आली. डिसेंबरमध्ये चारुताने आल्मेरेला स्टेशनजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. चित्रकलेचं सामान विकणाऱ्या एका दुकानात काम धरलं. शनिवारी सकाळी वस्तीतल्या केंद्रात मुलांना रंग शिकवायला जाऊ लागली. घटस्फोटाचे कागद दोघांपैकी कुणीच मागवले नाहीत. सासूबाईंना प्रसन्नने सगळं सांगितलं; त्या तिला फोन करून खूप रडल्या. तिने ऐकून घेतलं.

मार्चमध्ये एका दुपारी प्रसन्न तिची पत्रं घेऊन आला. खेमेन्तेकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, तिच्या नावाने आलेली काही, विम्याचं एक. ती पोस्टाने पाठवता आली असती, हे दोघांनाही माहीत होतं. तो वाळला होता. तिने चहा टाकला. घराबद्दल, त्याच्या गुडघ्याबद्दल बोलणं झालं. तो उठून जाकीट चढवू लागला.

ती म्हणाली, "बस जरा."

तो बसला.

"त्या दिवशी मला राग आला आणि मी विचारलंच नाही. मला सगळं सांग. तो काय म्हणाला, शब्द न् शब्द. मराठीत बोलला की इंग्लिशमध्ये?"

प्रसन्नने जाकीट मांडीवर घेतलं. आठवत, थांबत तो सांगू लागला. सुरुवात मराठीत केली, म्हणाला, बाबा, आई फोन घेत नाहीये. पुढचं इंग्लिशमध्ये, नेहमीसारखं. मी म्हटलं, काही अर्जंट आहे का? तर म्हणाला, नाही, नथिंग. आई कधी येणार? मी म्हटलं, रविवारी. तो म्हणाला, ओके. मी विचारलं, जेवलास का? तेव्हा पुन्हा मराठीत म्हणाला, जेवतोय ना.

"काय खात होता?"

"माहीत नाही गं. काहीतरी कुरकुरीत."

"चालत होता की बसला होता?"

"वारा येत होता फोनमध्ये. बाहेर असणार."

"आवाज कसा होता?"

प्रसन्नने तोंड फिरवलं. मग म्हणाला, "झोपेतून उठल्यासारखा. त्याचा असायचा ना, तसाच."

चारुताने टेबलावर डोकं टेकलं. त्याचा हात तिच्या केसांपर्यंत आला आणि थांबला. तिने तो दूर सारला नाही, आणि जवळही घेतला नाही.

तेव्हापासून तो महिन्यातून एकदा येतो. पुन्हा एकत्र राहण्याचा विषय कुणी काढत नाही. चहा होतो, आणि ती त्याच चाळीस सेकंदांबद्दल काहीतरी नवं विचारते. मागे लोक होते का, तो हसला का, फोन ठेवताना काय म्हणाला. प्रसन्नला दर वेळी आणखी थोडं आठवतं. आधी म्हणाला होता की जेवतोय ना म्हणून फोन ठेवला. मेमध्ये म्हणाला, ठेवताना हसला होता थोडा. जूनमध्ये म्हणाला, आईला सांग मी फोन केला होता, असंही म्हणाला.

यातलं पुष्कळसं तो न्यूनेनच्या रिकाम्या घरात बसून तिच्यासाठी रचत असणार, हे चारुताला कळतं. ती त्याला अडवत नाही. पुढ्यातला चहा गार होतो आणि ती ऐकत राहते.