मागच्या सीटवरच्या सुंदराबाई

मित्रांनो, मी नवी होते तेव्हा माझा रंग लाल होता, हे आता मी सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही. टाकीवर पोपडे आले आहेत, उजवीकडचा आरसा कधीच गेला, आणि सीटला दोन ठिकाणी दोऱ्याचे टाके आहेत. मी भातकुलीच्या गवई घरातली एक म्हातारी मोटारसायकल. मला या घरी सोळा वर्षं झाली. पण मला माझ्यापेक्षा ललितबद्दल सांगायचं आहे. तो मोठा केव्हा झाला, ते. त्यात माझाही एक अपराध आहे आणि तो मी लपवणार नाही.

कारखान्यातलं मला थोडंच आठवतं. खूप आवाज, खूप उजेड, आणि एका माणसाने माझा शेवटचा नट आवळून टाकीवर मारलेली थाप. मग अमरावतीच्या दुकानातून बुधाजी गवई यांनी मला घरी आणलं. ते गावच्या शाळेत शिपाई होते. त्यांच्या पत्नी सुंदराबाई त्याच शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या. पहिल्या दिवशी मला गावच्या बुद्धविहाराकडे नेलं. टाकीवर दहा वर्षांचा ललित बसला होता. मागे सुंदराबाई आणि भावना, म्हणजे ललितची मोठी बहीण. चौघांचं ओझं घेऊन मी निघाले आणि मला फार अभिमान वाटला.

बुधाजी मला दर रविवारी जुन्या बनियनने पुसायचे. साखळीला तेल द्यायचे. "गाडीले जपलं तं गाडी आपल्याले जपते," असं ललितला सांगायचे. ललित हसायचा आणि हॉर्न वाजवायचा.

तो एकोणीस वर्षांचा असताना बुधाजी शाळेच्या अंगणात बसल्या बसल्या गेले. छातीत कळ आली आणि संपलं. त्यांचे भाऊ देवराव सगळ्यांना म्हणाले, "बाप गेला. आता पोरगा शायना होईन."

ललित शहाणा झाला नाही. माझी किल्ली मात्र त्याच्या खिशात गेली. पोलीस भरतीची तयारी करतो म्हणून तो दोन महिने पहाटे मैदानावर धावला, मग थांबला. देवराव म्हणाले, "लगन लावून द्या, सुदरन." मुलीकडचे लोक येऊन पाणी पिऊन गेले, परत आले नाहीत. बहिणीचं लग्न होऊन ती अकोल्याला गेली, तरी घरात काही कमी झालंय हे ललितच्या लक्षात आलं नाही. त्याने माझा सायलेन्सर काढून फटाक्यासारखा वाजणारा बसवला. मी गल्लीत शिरले की तान्ही मुलं दचकून रडायची. साखळीला तेल कोणी दिलं नाही.

ललित वाईट होता असं नाही. दारू नाही, जुगार नाही. आईवर कधी आवाज चढवला नाही. फक्त एखादी गोष्ट आपल्यावाचून अडते आहे, असं त्याला पंचवीस वर्षांत कधी वाटलंच नव्हतं.

मग गेल्या वर्षी सुंदराबाईंचे पाय सुजले. चपला बसेनात. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत, दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस करावं लागेल. यंत्राला जोडायला सोयीचं व्हावं म्हणून त्यांच्या डाव्या हातातल्या दोन नसा एकमेकींना जोडल्या. त्या हाताला धक्का लागू द्यायचा नाही, असं ललितला बजावलं. तो "हो हो" म्हणाला.

आठवड्यातून दोनदा मी दोघांना अमरावतीला नेऊ लागले. ललित आईला दवाखान्याच्या फाटकाशी उतरवायचा आणि मित्रांकडे जायचा. चार तासांनी आणायला यायचा. कधी साडेचार तास व्हायचे, कधी सहा. सुंदराबाई फाटकाचा गज धरून उभ्या असायच्या. त्याला पाहून एवढंच म्हणायच्या, "आला का बापू? चाल."

मे महिन्यातला एक शुक्रवार होता. ऊन असं की माझ्या सीटवर हात ठेववत नव्हता. आईला सोडून ललित वळला तर त्याचा मित्र गोपाल उभा. "परतवाड्याहून वरत जाऊन येऊ, घाटात गार हवा आहे. मावशी सुटेपर्यंत वापस."

आम्ही गेलो. परतवाडा मागे पडलं, घाट सुरू झाला. वरच्या एका वळणावर माझी साखळी तुटली.

मित्रांनो, हाच तो अपराध. मी कोरडी होते, झिजलेली होते, हे खरं आहे. पण अजून सत्तर किलोमीटर मी दम धरायला हवा होता. तिथे फोनला रेंज नव्हती. दोघांनी मला ढकलत खाली आणलं. परतवाड्याचा मिस्त्री जेवायला गेला होता, आणि सुंदराबाईंकडे फोन नव्हता. साखळी बसली तेव्हा ऊन कललं होतं. ललितने मला इतक्या वेगाने कधीच पळवलं नव्हतं.

साडेसहाला आम्ही दवाखान्याशी पोहोचलो. फाटकाशी सुंदराबाई नव्हत्या. पायरीवर एक अनोळखी बाई बसली होती. तिच्या पदराचा अर्धा भाग रक्ताने कडक झाला होता. ती बसस्टँडवर काकड्या विकणारी गंगूबाई, हे मग कळलं.

"तू त्या भातकुलीवाल्या बाईचा पोरगा काय?" तिने विचारलं.

"हो. माय कुठी आहे?"

"अंदर आहे. इतका वेळ कुठी होता तू? चार वाजेलोक इथी उभी होती म्हणे. मंग पायी स्टँडवर आली. मी म्हटलं बस जराशीक, तं म्हणे पोरगा येऊनच राहिला. बसमध्ये चढता चढता लोकायनं ढकललं. हातावरच पडली. रक्त असं उसळलं बापा! मी पदर दाबून धरला, ऑटोत टाकून आणली."

ललित पायरीवर बसला. गंगूबाईने उरलेली एक काकडी त्याच्या हातात दिली. ती पायरीवरच ठेवून तो आत गेला.

सुंदराबाई वाचल्या. पण त्या हातातल्या नसा बंद पडल्या. आता डायलिसिस करायला मानेत नळी बसवावी लागली.

दुसऱ्या दिवशी भावना अकोल्याहून आली. मी जिथे उभी होते, त्या लिंबाखाली तिने भावाला गाठलं.

"तुले एक माय सांभाळता नाई आली?" ती म्हणाली. "आठवड्यातून दोन दिवस. दोनच दिवस, ललित!"

गोपाल बाजूला होता. तो म्हणाला, "ताई, गाडीची साखळी तुटली. थो काय करन?"

मी ललितकडे पाहिलं. साखळी तुटली असं तो म्हणाला असता तर ते खोटं नव्हतं. मी तर वाट बघत होते की त्याने माझ्यावर ढकलावं. आजवर तो असंच करत आला होता. कधी बस चुकली, कधी फोन बंद पडला, कधी ऊन लागलं.

"साखळीनं नाई केलं," ललित म्हणाला. "मी गेलो म्हणून झालं. ताई, तू मायले अकोल्याले घेऊन जा. माह्यावर भरोसा नको ठेवू."

भावना रडायला लागली. तिच्याकडे दोन खोल्या, सासू अंथरुणावर आणि तिला स्वतःला सातवा महिना. नेणार कुठे? सुंदराबाईंनीही आतून निरोप दिला की मी माझ्या घरी जाईन. मग या घरात ललितशिवाय कोणी उरलं नाही.

मंगळवार आला. मानेत नळी, त्यामुळे बसच्या गर्दीत शिरायची सोय नाही. जीपमध्ये तर माणसावर माणूस. ललितने सकाळी मला अंगणात घेतलं. फटाक्याचा सायलेन्सर काढून जुना बसवला. साखळीला तेल दिलं. मग आईला मागे बसवलं आणि तिचं जुनं लुगडं तिच्या पाठीमागून घेऊन स्वतःच्या पोटावर गाठ मारली, म्हणजे गुंगी आली तरी ती पडणार नाही.

"लोक पाहून राहिले रे," सुंदराबाई म्हणाल्या. "लाज वाटते."

"वाटू दे. तू डोकं टेकव."

सोळा किलोमीटरला त्याने पाऊण तास लावला. प्रत्येक खड्डा चुकवला. आणि त्या दिवशी तो फाटकापासून हलला नाही. चारही तास माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिला.

आईला दिवसभरात जेमतेम लिटरभर पाणी प्यायची परवानगी होती. मे महिन्यात! ओठ फाटायचे तिचे. आधी ललित वाटेत गाडी थांबवून तिच्यादेखत रस प्यायचा. आता तो कितीही तहानला तरी थांबत नसे. घरी आला की आईला आत निजवायचा, मग न्हाणीच्या भिंतीमागे जाऊन, आवाज होऊ न देता, तांब्या तोंडाला लावायचा. मी अंगणातून ते बघायचे. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

शाळा उघडल्यावर खिचडी कोण शिजवणार, असा प्रश्न आला. मंगळवार-शुक्रवार सोडून बाकीच्या दिवशी ललितने ते काम घेतलं. मुलं पहिल्या दिवशी ओरडली, "खिचडीवाल्या बाईले मिशा आल्या!" गोपालने चिडवलं. ललित कढईत डाव फिरवत राहिला. पहिली खिचडी करपली. सुंदराबाईंनी खाटेवरून त्याला सांगितलं, डाळ आधी भिजव, हळद मागून टाक. दहा दिवसांनी मुलं दुसऱ्यांदा मागू लागली.

मला असं वाटायचं की आता सगळं ठीक होईल. तसं झालं नाही. पावसाळ्यात नळीपाशी पू धरून ताप आला. नळी बदलली. दिवाळीत पुन्हा बदलली. सुंदराबाई इतक्या हलक्या झाल्या की मागे कोणी बसलं आहे हे मला फक्त लुगड्याच्या ताणावरून कळायचं. मधल्या काळात भावनाला मुलगी झाली होती. ती बाळाला घेऊन आली तेव्हा डॉक्टरांनी तिला आणि ललितला सांगितलं की आता नळी बसवायला जागा उरलेली नाही, आहे ती टिकेल तोवर टिकेल.

मागच्या शुक्रवारी ललितने मला दारात लावलं. सुंदराबाई उंबऱ्यावर बसून राहिल्या.

"आज नाई येत मी," त्या म्हणाल्या.

"कावून?"

"थकली रे बापू. तुह्या बाबाच्या मांगं मी एका गोष्टीसाठी जगून राहिली होती. म्हटलं, हा पोरगा सुदरला पाह्यजे. सुदरला तू. आता मले नको नेऊ."

ललित आईसमोर मातीत उकिडवा बसला.

"मंग नाई सुदरलो मी," तो म्हणाला. "उद्यापासून गावभर हिंडतो. खिचडी करपू दे. पोट्ट्यायले उपाशी राहू दे. अजून लय बाकी आहे माय माहं. चाल."

सुंदराबाई हसल्या. हसता हसता त्यांना धाप लागली. मग त्यांनी दोन्ही हात वर केले, लहान मूल करतं तसे, आणि ललितने त्यांना उचलून मागे बसवलं. लुगड्याची गाठ त्याला तीनदा सोडून पुन्हा मारावी लागली. अमरावती येईपर्यंत तो रडत होता. त्याचे अश्रू हँडलवर पडत होते, ते माझ्याखेरीज कोणी पाहिलं नाही.

मित्रांनो, असे किती शुक्रवार उरले आहेत ते मला माहीत नाही. माझंही इंजिन आता धूर सोडतं. पण माझी तुम्हाला विनवणी आहे. तुमच्या घरात कोणाचं तुमच्यावाचून अडून बसलं आहे का, ते आज घरी जाऊन बघा. बाप गेल्यावर कळेल, लग्न झाल्यावर कळेल, असं म्हणत बसू नका. ललितला ते कळायला आईचा हात जावा लागला.