जिन्यावर राहिलेले लक्ष

मी सरबताची एक जुनी बाटली आहे, मित्रांनो. हसू नका, गेली कित्येक वर्षे मी फुप्फुसांचे काम करते. कचऱ्याच्या वाटेवर असताना विज्ञानाच्या बाईंनी मला उचलले. माझे बूड कापून तिथे रबराचा पडदा ताणला, पोटात दोन फुगे टांगले. पडदा ओढला की फुगे फुगत, सोडला की बसत. एवढ्या भांडवलावर मला प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले. माणसांना याहून कमी भांडवलावर मिळते, असे ऐकून आहे.

आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. एक मुलगी रोज उशिरा, धापा टाकत यायची. सगळे तिला 'मालगाडी' म्हणत. उशिराची शिक्षा म्हणून बाई तिला दारातच उभी करून प्रश्न विचारत. तिचे उत्तर अर्ध्यावर तुटे.

"लक्ष कुठे आहे गं तुझं?"

"जिन्यावर, बाई. येतंय मागून."

वर्ग खो खो हसे. सगळ्यांत आधी तीच. मग तिला खोकला येई, आणि मुलांना त्याचेही हसू येई.

एकदा फुप्फुसांच्या आजारांचा धडा आला. बाईंनी माझ्या फुग्यांवर चिकटपट्टी आवळली. पडदा ओढला तरी फुगे जेमतेम हलले. मग त्यांनी मुलांना बारीक नळ्या वाटल्या.

"नाक धरा, नळीतूनच श्वास घ्या आणि सतराचा पाढा उलटा लिहा. त्रास झाला की लगेच सोडा हं."

नळ्या टपाटप खाली पडल्या. नेहमी पहिला येणारा कुरकुरला, "बाई, सगळं ध्यान श्वासातच जातं! आकडे कुठून आठवणार?"

"अगदी बरोबर," बाई खूश झाल्या. मग त्यांना दिसले, मालगाडीने नळी घेतलीच नव्हती.

"तुला नको?"

"माझ्याकडे आहे, बाई. आतच."

सवयीने दोघेतिघे हसले आणि मध्येच थांबले. बाईंच्या हातून माझा पडदा सुटला.

त्याच दिवशी बाईंनी तिच्या आईला बोलावले. डॉक्टरांनी सांगितले, फुप्फुसे केव्हापासूनच आखडत चालली आहेत. वर्ग तळमजल्यावर आणण्यासाठी बाईंनी अर्ज केला. मुख्याध्यापक म्हणाले, "बघू, पुढच्या सत्रात." तो अर्जही बहुधा जिना चढत होता, त्याला मात्र कुणी दारात उभे केले नाही. वर्ग खाली आला तेव्हा ती रुग्णालयात होती. तिथेच तिचा श्वास थांबला. दाराजवळचा बाक तिच्यासाठी राखला होता, तो तसाच राहिला.

माझे फुगे चिकटले की बाई नवे लावतात. मला नवे मिळतात, मित्रांनो. म्हणून सांगते, कुणी धापा टाकत आले तर आधी बसू द्या. प्रश्न कुठे पळून जात नाहीत.

परवा मला पुसता पुसता बाई दाराकडे बघत राहिल्या. पहिल्या बाकावरच्या नव्या मुलीने मिस्कीलपणे विचारले, "बाई, लक्ष कुठे आहे तुमचं?"

बाईंनी फडके खाली ठेवले.

"जिन्यावर," त्या म्हणाल्या.