लाल काटा, निळा काटा

दुसरीच्या बाईंना त्या आठवड्यात घड्याळ शिकवायचं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांच्या अंगात त्राण नव्हतं. रात्रभर आजारी सासूबाई हाका मारायच्या, दिवसभर वर्ग डोकं उठवायचा. त्यात मुख्याध्यापिकांचा हट्ट, की सगळं कृतीतून शिकवा. कृती मुलांची, कापाकापी मात्र बाईंची! रविवारी त्यांनी पुठ्ठ्याच्या तबकड्या कापल्या, पण काट्यांपाशी त्यांचा धीर सुटला. लहान-मोठे कापत कोण बसणार? पुठ्ठे एकावर एक ठेवून सगळे काटे सरसकट एकाच मापाचे कापले. अर्धे लाल रंगवले, अर्धे निळे. लाल तासाचा, निळा मिनिटांचा, आणि झालं काम.

सोमवारी मुलांनी घड्याळं जोडली. शाळा सुटल्यावर गुंडी मागे राहिली. तिच्या फ्रॉकची एखादी तरी गुंडी तुटलेली असायचीच, म्हणून ते नाव. तिने विचारलं, साडेपाच कसे दिसतात? हळूहळू सगळं बाहेर आलं. तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रपाळीला जायची आणि दुपारी झोपायची, अशी की गजरसुद्धा झोपेतच बंद करायची. आजवर शेजारीण उठवायची, तिने आता घर बदललं होतं. आईला दोनदा उशीर झाला आणि मुकादमाने दम भरला. बाबा कामावरून रात्रीच यायचे, म्हणून आता उठवायचं काम गुंडीकडे होतं. बाईंनी लाल काटा पाचाच्या पुढे सरकवला, निळा सहावर ठेवला आणि पर्स उचलली.

मंगळवारी पटांगणात खडूने भलंमोठं घड्याळ आखलं आणि मुलंच काटे झाली. लाल टोपी कोण घालणार यावरून जी जुंपली, की वेळ राहिली बाजूला. बुधवारी लाल-निळ्या काट्यांची चित्रं वेळांशी जुळवली, गुरुवारी पाऊण-सव्वाचा घोळ निस्तरला, शुक्रवारी चाचणी घेतली. एकही उत्तर चुकलं नाही आणि गुंडी सगळ्यांत आधी उठून उभी राहिली. सुटले एकदाची, असं बाईंना वाटलं.

शनिवारी सकाळी वर्गाच्या दारात गुंडीची आई उभी होती. रात्रपाळी करून तशीच आलेली, डोळे लाल. काल गुंडीने तिला साडेपाचऐवजी साडेसहाला उठवलं होतं. मुकादम म्हणाला होता, आज शेवटची संधी, पुन्हा उशीर झाला तर येऊच नकोस.

"मी मारलं तिला," आई म्हणाली. "मग ती रडत म्हणाली, आपल्या घड्याळाचे दोन्ही काटे काळे आहेत."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लांब काटा, आखूड काटा हे शब्द अख्ख्या आठवड्यात त्यांच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. अख्खा वर्ग रंग शिकला होता, घड्याळ कुणालाच येत नव्हतं. आणि मार खाल्ला होता एकट्या गुंडीने.

शनिवारी सासूबाईंजवळ नणंद बसायची. बाईंनी तिला निरोप धाडला आणि अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर थेट गुंडीचं घर गाठलं. एकच खोली होती. आई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली. बाई आणि गुंडी घड्याळाखाली चटईवर बसल्या आणि कुजबुजत धडा सुरू झाला. बुटका तो तासाचा, हळू चालतो. लांबटांग्या मिनिटांचा, त्याला सारखी घाई. बाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, गुंडीने पुन्हा पुन्हा सांगितलं. साडेपाचला मी आहेच, घाबरू नकोस, असंही बाईंनी बजावलं आणि जरा भिंतीला पाठ टेकली.

जाग आली तेव्हा दिवा लागलेला होता. अंगावर कुणीतरी चादर टाकली होती. पलंग रिकामा. बाई धडपडत उठून बसल्या.

"आई गेली," घड्याळाखाली बसलेली गुंडी म्हणाली. "वेळेवर उठवली मी. तुम्हाला नाही उठवलं. तुम्हाला कुठे कामावर जायचंय?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. घरी नणंद बडबडत असेल, बडबडू दे. त्यांनी विचारलं, बाबा किती वाजता येतात?

"आठला. आता सव्वासात झालेत."

बाईंनी वर बघून खात्री केली नाही.

"मग मला आठला उठव," त्या म्हणाल्या आणि चादर ओढून पुन्हा आडव्या झाल्या.