जिताड्याचं डोकं

मंगळवारी सकाळी तलाव बघितला आणि कोकिळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का जाऊ नये? तीन वर्षं पोटच्या पोरांसारखे पोसलेले जिताडे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. पाण्यावर जांभळा तेलकट तवंग, खाडीच्या बांधावर टँकरच्या चाकांचे ताजे वण. कुठल्याशा कारखान्याची घाण कोणीतरी ओतून पसार झालं होतं.

गावात टँकर एकाचेच, तिच्या धाकट्या दिराचे, धनेशचे. पण मागे शेजारच्या शेतात घाण पडली तेव्हा गावकीतले म्हातारे अंबाजी म्हणाले होते, "पुरावा आण, कोकिळे. नुसत्या संशयावर घरचा माणूस कसा धरायचा?" पुरावा म्हणे. मेलेले मासे काय साक्ष देणार होते?

तिने चकार शब्द काढला नाही. एक जिताडा बर्फात ठेवला, बाकीचे पुरून टाकले. बुधवारी पेणच्या बाजारातून ताजा जिताडा आणला आणि भाऊबंदांना निरोप धाडला, तलावातला पहिला मासा निघालाय, जेवायला या.

पहिल्या माशाचं डोकं त्यांच्या घरात दिराच्या ताटात पडतं. माशाच्या डोक्यासाठी धनेश लहानपणी भावाशी मारामाऱ्या करायचा. आज कोकिळा वाढायला गेली तर म्हणतो कसा, "नको वहिनी, आज उपास हाय."

"बुधवारी कसला उपास, भावजी?"

अंबाजींनी दोनदा कालवण मागून घेतलं, बाकीचे मिटक्या मारत होते, आणि हा मेला सगळ्यांना खाताना खुशाल बघत बसला होता. कोकिळाने त्याच्या लेकीला, मृणालीला, तुकडा वाढला. पोरीने घास उचलला मात्र, धनेशने तिचं मनगट धरलं.

"खाऊ नको. त्या पाण्यातलं खाऊ नको."

अंबाजींचा घास हातातच राहिला. "का रं? पाण्याला काय झालंय?"



"खा बाळा, हा बाजारातला हाय," कोकिळा म्हणाली. "अंबाजीकाका, तलावातले सगळे मेले. मी कोणालाच सांगितलं न्हाय, मग भावजींना कसं कळलं? लेकीचा तेवढा जीव, तुमचा न्हाय."

ती आत गेली, बर्फातला जिताडा आणला आणि धनेशच्या ताटात आदळला.

"हा आपल्या तलावातला. डोक्याचा मान तुमचा. खा."