चाळीस घरांचं अंगडं

आमच्या गोधडीमंडळात मोहिराला घ्यायचं नाही, असं ठरलं तेव्हा मीही हो म्हटलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला शहाणी समजायला नको.

मोहिरा कालव्यापलीकडच्या, ल्युली जमातीच्या वस्तीतली. तिथल्या चार बायका ओश शहराच्या बाजारात हात पसरतात, म्हणून गावाच्या लेखी सगळी वस्तीच भिकारी. मोहिरा शिवणावर पोट भरते आणि तिचा टाका आमच्यापेक्षा बारीक, हे माहीत असून कोणी बोललं नाही. मंडळ चालवणाऱ्या आनिपा एजे (थोरल्या बाईला आम्ही मानाने एजे म्हणतो) म्हणाल्या, "आज हिला घ्या, उद्या हिचं अख्खं गोत येऊन बसेल." बायका हसल्या आणि विषय संपला.

त्या वसंतात एजेंच्या सुनेला मुलगा झाला. आधीची दोन्ही बाळं चाळीस दिवसही जगली नव्हती. चाळिसाव्या दिवशी बाळाला चाळीस घरच्या चिंध्यांचं अंगडं घालतात. चिंध्या आजीने दारोदार जाऊन, तोंडाने मागून आणायच्या. एजेंनी गाव पालथं घातलं. पण त्यांना एक तुकडा अशा आईचा हवा होता, जिचं एकही मूल दगावलेलं नाही, आणि गावात तशी कोणी सापडेना. मोहिराची सात होती, सातही धडधाकट.

"तू जा ना," एजे मला म्हणाल्या.

"मी कशी जाऊ? आजी तुम्ही."

"मला लाज वाटते गं."

"वाटू दे. चला."

मोहिरा दारात काज करत बसली होती. एजेंनी झग्याचा घोळ पुढे धरला.

"काय हवंय, एजे?"

"नातवासाठी... चिंधी."

ती टोमणा मारेल म्हणून मी वाट पाहत होते. तिचा हक्कच होता तो.

"कितवा दिवस?" तिने विचारलं.

"अडतिसावा."

"दूध ओढतो?"

"ओढतो."

"मग राहील." तिने स्वतःच्या झग्याचा काठ कापला आणि घोळात टाकला.

दुसऱ्या दिवशी मंडळात अंगडं जोडायला घेतलं. तो नारिंगी तुकडा एजेंनी बरोबर छातीवर लावला.

"हा कोणाचा?" बुरुलने विचारलं.

"मोहिराचा. ज्या बाईला नको असेल तिने माझ्या नातवाच्या छातीवरून उसवावा."

कोणी हात लावला नाही.

चाळिसावा पार पडला. बाळाने अंगड्यात घर डोक्यावर घेतलं. मग एजेंनी मला मोहिराकडे धाडलं: गुरुवारपासून मंडळात येऊन बस म्हणावं.

मोहिराने सुईतला दोरा तोडला. "चिंधी हवी होती तेव्हा एजे स्वतः आल्या," ती म्हणाली. "मी हवी आहे, तर निरोप?"

मला राग आला नाही. लाज वाटली, आणि ही बाई माझ्या शेजारी बसावी असं फार वाटलं. परत येऊन मी एजेंना शब्दन् शब्द सांगितला.

"खरं आहे तिचं," एजे म्हणाल्या, आणि मी टेकायच्या आत त्या कालव्याच्या वाटेला लागल्या होत्या.