पाता मिषन

मी कटर बोलतोय. लाकूड कापायचा, विजेवर चालणारा, हातात धरायचा कटर. असे मागे सरकू नका. आत्ता माझा प्लग काढलेला आहे आणि पातंही उतरवून ठेवलंय. दात काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखा मी आता नुसता बोलू शकतो, आणि बोलायची मला पहिल्यापासून हौस.

जन्माची गोष्ट थोडक्यात आटोपतो. कारखान्यात एका दिवसात आम्ही शेकडो भावंडं जन्मतो, त्यामुळे बारसं कुणाचंच होत नाही. पोटावर नंबर ठोकतात आणि खोक्यात झोपवतात. माझे डोळे उघडले ते चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या वसाहतीत, कुलदीपच्या क्वार्टरमध्ये. वीज केंद्रात पाळीवर जाणारा हा भला माणूस सुट्टीच्या दिवशी फोनवर सुतारकामाचे व्हिडिओ बघायचा. बघून बघून त्याला वाटायला लागलं की आपणही सुतारच आहोत. मग त्याने माझ्या मदतीने एक स्टूल बनवलं. त्याचे तीन पाय जमिनीला टेकत आणि चौथा विचारात पडलेला असे. त्याची बायको रश्मी पाहुणे आले की ते स्टूल बाथरूममध्ये लपवायची.

माझ्या पात्याला खालून एक सरकतं झाकण होतं. कापताना ते मागे सरकायचं आणि काम झालं की स्प्रिंगच्या जोराने झटकन पुढे येऊन पात्याचे दात झाकायचं. व्हिडिओतल्या कुण्या पठ्ठ्याने ते काढून टाकलं होतं, म्हणून कुलदीपनेही काढलं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. कुणाला आवडतं तोंडावर सारखं झाकण?

सहा महिन्यांत कुलदीपची हौस फिटली. त्याने फोनवरच्या खरेदी-विक्रीत माझी जाहिरात टाकली आणि चंद्रपूरला लेकीकडे आलेला समय्या मला उचलून सिरोंच्याला घेऊन गेला. समय्या खरा सुतार. दारं-चौकटी करायचा, कधीमधी गोदावरीतल्या मासेमारांच्या होड्याही. तीन वर्षं त्याने माझ्याकडून सागाचं इतकं काम काढलं की माझी वायर दोन जागी सोलली आणि आत मोटरला वीज पोचवणारे कार्बन झिजले. वायरीवर त्याने काळी टेप गुंडाळली. कार्बनला टेप गुंडाळता येत नाही, म्हणून ते तसेच राहिले.

मग त्याने नवी मशीन आणली आणि माझं पातं काढून तिला लावलं. मी गेलो टेबलाखाली, भुशाच्या ढिगात. तिथून मला विकायला काढताना त्याने स्वतः जाहिरात लिहिली. घरात तेलुगू, बाजारात मराठी. बोलायला पक्का, लिहायला कच्चा. त्याने लिहिलं, "लाकूड कटर. पाता मिषन. चालू." आता 'चालू' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि मला दोन्ही लागू पडतात. दोन मिनिटं चालवून बघणाऱ्याला मी कधीच सापडत नाही. सुरुवातीला असा गोड गुणगुणतो की वाटावं, कालच खोक्यातून निघालोय. माझी भानगड बाहेर येते ती अंग तापल्यावर, दहाव्या मिनिटाला.

आठ दिवसांत माझा फोटो चोरीला गेला. मी सिरोंच्यात टेबलाखाली भुसा खात पडलेलो आणि तिकडे कुणी 'फौजी' मला छावणीतून अर्ध्या भावात विकत होता. मला पाहिलेलंसुद्धा नाही त्या माणसाने! अशा दोन्ही जाहिराती एकाच मुलीच्या फोनवर जाऊन पडल्या.

ती संघप्रिया. चामोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यातली, आयटीआयमधून सुतारकाम शिकलेली. गावातल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेसाठी बारा टेबलं करायचं तिने कबूल केलं होतं, तेही चौदा एप्रिलच्या आत. तिचं हे पहिलंच मोठं काम. हातकरवतीने ते होणार नव्हतं, आणि नाही झालं तर काम चंद्रपूरच्या ठेकेदाराकडे जाणार होतं. गावातले काही जण त्याचीच वाट बघत होते, पोरगी काय सुतारकी करते म्हणून. पण खरी अडचण घरात होती. तिचे बाबा वामनराव पूर्वी आरा मशीनवर कामाला होते आणि उजव्या हाताची दोन बोटं तिथेच सोडून आले होते. त्यांनी बजावलं होतं, "मशीन मी सोता पाहीन. मले पटली नाई, तं टेबलं गेली खड्ड्यात."

फौजीने संघप्रियाला लिहिलं, "मैडम, पहले टोकन डालो, मशीन आज ही निकलेगी." तिने उत्तर पाठवलं, "मशीनवर एक कांदा ठेवा आणि फोटो पाठवा." तिकडून आलं, "मैडम, हम देश की सेवा में हैं, यहां कांदा नहीं मिलता." हे ती नंतर सगळ्यांना सांगून सांगून हसायची, म्हणून मला ठाऊक.

समय्यालाही तिने तेच लिहिलं. तो चक्रावला. पण गिऱ्हाईक म्हणजे देव, म्हणून त्याने घरातून उल्लिगड्डा, म्हणजे आपला कांदा, आणला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. फोटो चांगला यावा म्हणून शेजारी दोन टमाटेही मांडले. मी साग कापणारा गडी, त्या दिवशी भाजीवाला दिसत होतो.

बापलेक आलापल्लीच्या रस्त्याने एसटीत हाडं मोकळी करून घेत भरदुपारी सिरोंच्याला उतरले. संघप्रियाने भेटायची जागा आधीच ठरवली होती: चौकातलं बिरजूचं चहाचं दुकान. तिथे माणसांची वर्दळ होती आणि भिंतीला प्लग होता. समय्याने मला टेबलावर ठेवलं. तिने मला उलटा-पालटा केला.

"भाऊ, पातं कुठी हाये?"

"पाताच हाय ना बाई. मी लिवला होता."

"लिहिलं, म्हणूनच तं आलो. पन कुठी हाये?"

"हे काय!" समय्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "पूर्ण पाता! मी खोटा नाय बोलत."

"याच्यात पाता नाईच तं!"

"पाता नाय, तर काय कोत्ता हाय? तीन साल चालवला मी!"

आवाज चढले. वामनराव पिशवी उचलून उभे राहिले. शेवटी चहा गाळता गाळता बिरजू म्हणाला, "अवो बाई, तेलुगूत पाता मंजे जुना. कोत्ता मंजे नवा. तो जुनी मशीन म्हणून राह्यला, तुमी ब्लेड समजून राह्यल्या." मग वामनराव हसले ते ठसका लागेपर्यंत. "पाता नाई, तरी पाता हाये," म्हणत ते परत बसले.

मला वाटलं, आता काम फत्ते. हसलेला माणूस खरेदी करतो, असा माझा अनुभव. प्लग लावला, मी गोड गुणगुणायला लागलो. समय्या दोन मिनिटांनी बटण बंद करायला पुढे झाला.

"राहू द्या," वामनराव म्हणाले. "चहा होऊ द्या."

आणि काय सांगू, तो चहा त्यांनी बशीत ओतून, फुंकून फुंकून, एकेक घोट घेत प्यायला. इतका सावकाश चहा पिणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. माझं अंग तापत गेलं. नवव्या मिनिटाला मी खोकलो, दहाव्याला माझ्या कुशीतून ठिणग्या उडाल्या. वामनरावांनी नाक जवळ आणून मला हुंगलं. "मोटर बरी हाये, जळल्याचा वास नाई. कार्बन गेले. वायर बदला. लबाड हाये हा, पन कामाचा हाये."

लबाड! पण खरं होतं, त्यामुळे मला राग येईना. समय्याने कार्बन आणि वायर नवी टाकून द्यायचं कबूल केलं. कुलदीपचं मूळ बिल त्याने प्लास्टिकमध्ये जपून ठेवलं होतं. संघप्रियाने त्यावरचा नंबर माझ्या पोटावरच्या नंबराशी ताडून पाहिला. मी चोरीचा नाही हे सिद्ध झालं. आणि तेवढ्यात तिचं बोट माझ्या खालच्या बाजूला अडखळलं.

"भाऊ, याचं सरकतं झाकण?"

"ते नव्हताच. असाच आला. मेरेको कुछ नाय झाला," समय्या म्हणाला आणि त्याने आपली दहा बोटं पसरून दाखवली.

वामनरावांनी उजवा हात टेबलावर ठेवला. त्याला तीनच बोटं होती. समय्याने आपले हात खाली घेतले.

वामनराव मुलीकडे बघत होते. ती हट्ट करणार, रडणार, टेबलांचं सांगणार, अशी त्यांची तयारी होती. मलाही तेच वाटत होतं. तिने मला हळूच टेबलावर परत ठेवलं. "मले टेबलं करायची हायेत, भाऊ. पन असा नाई नेत मी याले." एवढ्या लांब येऊन रिकाम्या हाताने जायचं तिच्या जिवावर आलं होतं, तरी ती उठली.

मग थांबली आणि बिलावर कुलदीपचा फोन नंबर होता तो लावला. उचलला रश्मीने.

"झाकण? ते अर्धगोल लोखंडी? त्यात मी कपड्यांचा साबण ठेवते."

चहाच्या दुकानात पुन्हा हशा पिकला. रश्मीची अट एकच, दुसरी साबणदानी आणून द्या. स्प्रिंग कुलदीपच्या खिळ्यांच्या डब्यात सापडली. समय्या म्हणाला, "शिवरात्रीला दर साल कालेश्वरमला जातो, या साल तुमच्या चामोर्शीजवळच्या मार्कंड्याला येतो. आधी लेकीकडे चंद्रपूरला जातो, झाकण बसवतो, तुमाला जत्रेत देतो. पैसे तवाच द्या." आणि शब्दाला जागला. जत्रेच्या गर्दीत, नव्या वायरीने, साबणाच्या वासाने दरवळत मी संघप्रियाच्या हाती पडलो.

त्या झाकणाचा मला मनस्वी राग होता. दर कापानंतर खट् करून तोंड बंद! तिने आणलेल्या नव्या पात्याने आठ टेबलं मी कुरकुरत कापली. नवव्याच्या फळीत एक गाठ लपलेली होती. पातं तिच्यात अडकलं आणि मी उसळलो, फळी सोडून मागे, तिच्या डाव्या हाताकडे.

खट्.

झाकण तिच्या मनगटावर आपटलं. पातं आत गरगरत राहिलं.

अंगणात बसलेल्या वामनरावांना नुसत्या आवाजावरून कळलं. ते अनवाणी धावत आले, प्लग उपटला, तिचे दोन्ही हात ओढून घेतले आणि बोटं मोजायला लागले. एक, दोन, तीन. दहा भरली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजली. मनगटावर काळंनिळं झालं होतं, बाकी काही नाही. म्हातारा तिथेच भुशात बसला आणि लहान पोरासारखा रडला.

संघप्रिया म्हणाली, "बाबा, आज राहू द्याचं का?"

त्यांनी डोळे पुसले. उठून तीन बोटांच्या त्या हाताने माझा प्लग स्वतः भिंतीत लावला. "फळी पलटव. गाठ तिकडून घे," म्हणाले. "बारा करायची हायेत नं तुले?"

बारा झाली. चौदा एप्रिलला पोरं त्यांवर पुस्तकं मांडून बसली. मी सध्या तिच्या कामाच्या खोलीत खुंटीला लटकतो आणि आल्यागेल्याला हेच सांगतो. फोनवर माझ्यासारख्यांचे फोटो तुम्हीही बघाल. फोटोत आम्ही फार गुणी दिसतो. जरूर घ्या, जुने म्हणून हिणवू नका, पण उलटं करून बघा, तापू द्या, हुंगा, आणि झाकण विचारा. मी चालू आहे, लबाड आहे, गोडबोल्या आहे, ते सगळं कबूल. पण एक गोष्ट मला आजवर शिकता आली नाही. पातं फिरायला लागलं की समोर साग आहे की बोट, हे मला कळत नाही.