पुसलेले चौसष्ट आवाज

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर मी तुम्हाला भाता नसलेली लांबलचक पेटी वाटेन. जवळ आलात तर एकसष्ट पट्ट्या, बटणांच्या दोन रांगा आणि बोटभर उंचीचा हिरवट पडदा दिसेल. मी एक सिंथेसायझर आहे. वयाने तुमच्या आईवडिलांच्या बरोबरीचा असेन. विजेवर चालतो आणि नाना तऱ्हेचे आवाज घडवतो.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला, पण घर मिळालं ते वसईजवळच्या पापडीत. पास्कोल डाबरे तेव्हा बहारीनला मोटार मेकॅनिक होते. १९९१ साली सुट्टीवर येताना त्यांनी मला चादरीत गुंडाळून आणलं. घरच्यांना वाटलं, टीव्ही आला. चादर सोडल्यावर त्यांची बायको फिलोमिना थोडी हिरमुसलीच.

पुढे पास्कोल कायमचे गावी परतले आणि लग्नांत, चर्चच्या गायनमंडळात मला वाजवू लागले. बाकीचे वादक कारखान्यातून आलेले आवाजच वापरत. पास्कोलना ते पुरत नसत. माझ्या स्मृतीत चौसष्ट कप्पे होते. पंधरा वर्षं खपून त्यांनी प्रत्येक कप्प्यात स्वतः घडवलेला एकेक आवाज ठेवला. केळीच्या पानांतला वारा होता. वाडीतल्या विहिरीवरचा, रेड्याने फिरवायचा लोट्यांचा रहाट होता. पंप आल्यावर तो मोडून टाकला होता. बाराव्या कप्प्याचं नाव होतं ‘फिलू’. फिलोमिना फुलं ओवताना गुणगुणायची, त्यावरून तो आवाज केला होता.

“मी अशी नाकातून गाते होय?” ती ऐकून म्हणाली. तरी पाहुणे आले की तोच आवाज लावायला सांगायची.

फिलोमिना आजारपणात गेली आणि पास्कोलनी वाजवणं सोडलं. सहा वर्षं माझ्या पाठीवर इस्त्रीचे कपडे पडून होते. मला कोणी मुद्दाम टाकलं नव्हतं. घरात गाण्याचं नावच कोणी काढत नव्हतं, एवढंच. त्यात पास्कोलना ऐकूही कमी येऊ लागलं.

माझ्यावरचे कपडे उचलले ते त्यांच्या मुलीने, प्रिस्काने. दाताच्या दवाखान्यातली नोकरी सांभाळून ती चाली बांधायची. आगाशीची हेमांगी शाळेत गणित शिकवायची. ती गाणी लिहायची आणि गायची. विरारचा कल्पेश लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि बँडमध्ये ठेका सांभाळायचा. तिघांनी बँडला नाव दिलं ‘बावखल’. आमच्याकडे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला बावखल म्हणतात. त्यांना सिंथ-पॉप करायचं होतं, म्हणजे माझ्यासारख्या यंत्रांच्या आवाजावर उभी राहिलेली गाणी. पहिल्या आल्बमची आठ गाणी ठरली आणि आठही पास्कोलच्या आवाजांवर बेतलेली होती. मी किती खूश होतो, काय सांगू!

मित्रांनो, माझी स्मृती एका छोट्या बॅटरीवर टिकते. ती बॅटरी दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते. बदलण्याआधी आवाज दुसरीकडे उतरवून घ्यायचे असतात, नाहीतर ते पुसले जातात. पास्कोलना हे ठाऊक होतं. कल्पेशला नव्हतं.

एका रविवारी प्रिस्का आणि पास्कोल चर्चमध्ये मिस्साला गेले होते. तालमीसाठी कल्पेश लवकर आला आणि शेजारून किल्ली घेऊन आत बसला. माझ्या पडद्यावर बॅटरी संपत आल्याची सूचना होती. तो रोज लिफ्टची पॅनेलं उघडणारा माणूस. त्याने मला पालथं केलं, स्क्रू काढले, जुनी बॅटरी काढून नवी बसवली. मैत्रिणीचं काम आपण न सांगता केलं, याचा त्याला आनंद झाला होता. मी ओरडू शकलो असतो तर!

प्रिस्का आली, तिने पट्टी दाबली आणि थबकली. “आवाज कुठे गेले?”

“बॅटरी बदलली. आता दहा वर्षं बघायला नको.”

“अरे, पण आवाज?”

“आहेत ना सगळे, कंपनीचे.”

“कंपनीचे कोणी मागितले? पप्पांचे कुठे आहेत?”

कल्पेशचा चेहरा उतरला. प्रिस्काने पास्कोलना दोनदा मोठ्याने सांगितलं, तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी बारावा कप्पा लावला. कुठलीशी परकी बासरी वाजली. त्यांनी मला बंद केलं आणि ते म्हणाले, “जेवून घ्या.”

पूर्वी आवाज उतरवून ठेवलेली एक कॅसेट कपाटात सापडली, पण दमट हवेने ती बुरशीने भरली होती. मला त्या चौसष्ट आवाजांची नावं आजही आठवतात. आवाज मात्र एकही आठवत नाही.

प्रिस्का कल्पेशशी बोलेनाशी झाली. तीन आठवडे तो आलाच नाही. आल्बम तिथेच थांबला. कानांच्या डॉक्टरांनी पास्कोलना सांगितलं होतं की आता येतं तेवढं ऐकू येणंही फार दिवस टिकणार नाही. एके दुपारी तेच म्हणाले, “तो लिफ्टवाला कुठाय? बोलवा त्याला. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत, त्याला येतात.”

“मी नाही बोलवणार,” प्रिस्का म्हणाली. मग हेमांगीने फोन केला.

कल्पेश मान खाली घालून आला. “अंकल, सॉरी...”

“वही आणलीस? लिही.”

दर रविवारी पास्कोल आठवून सांगत, कल्पेश बटणं फिरवी आणि प्रत्येक आकडा वहीत उतरवी. प्रिस्का स्वयंपाकघरात दार लोटून बसे. वारा जमला, चर्चची घंटा जमली. रहाटावर मात्र गाडी अडली. कल्पेशने रहाट पाहिलाच नव्हता आणि पास्कोलना आपलं जमलंय की नाही, तेच नीट ऐकू येत नव्हतं.

तेव्हा हेमांगी भागूबाईंना घेऊन आली. त्या तिच्या वाडीत लहानपणापासून कामाला होत्या. रहाटाच्या रेड्यामागे चालण्यात त्यांचं बालपण गेलं होतं. त्यांनी माझ्यापाशी कान आणला आणि जोरात मान हलवली.

“नाय, नाय. पानी असं सारखं पडतं का? लोटा वर येतो, कलंडतो, मग पानी पडतं. मग दुसरा. आनि आमचा एक लोटा फुटका व्हता. त्याची पाली आली का पानीच नाय!”

“कितवा लोटा, मावशी?” कल्पेशने विचारलं.

भागूबाईंनी डोळे मिटून बोटांवर मोजलं. “अकरावा.”

कल्पेशने दहा थेंब वाजवले आणि अकरावा रिकामा सोडला. भागूबाई खुदकन हसल्या. “हा! आता रेडा चालला.”

स्वयंपाकघराचं दार उघडलं. प्रिस्का बाहेर आली. “परत लाव,” एवढंच म्हणाली आणि त्या रिकाम्या जागेत तिने एक सूर टाकला. हेमांगीने लगेच त्यावर ओळ धरली. त्या दुपारी आल्बमला नाव मिळालं, ‘फुटका लोटा’.

चौसष्टपैकी तेवीस आवाज पुन्हा घडले. काही पूर्वीपेक्षा चांगले झाले, असं पास्कोल म्हणाले. बाराव्या कप्प्याला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. “तो एकदाच जमायचा होता,” ते म्हणाले.

डिसेंबरात चर्चच्या हॉलमध्ये आल्बमचं प्रकाशन झालं. भागूबाई पहिल्या रांगेत होत्या. पास्कोलना आता फारच कमी ऐकू येत होतं. ते माझ्याशेजारी बसून लोकांचे चेहरे पाहत होते. आल्बमच्या पाकिटावर ‘आवाज’ या शब्दापुढे त्यांनी आपल्याबरोबर कल्पेशचं नाव छापायला लावलं होतं. गाणी काही गावोगाव गाजली नाहीत, पण पुण्याहून, नागपूरहून लोकांची पत्रं आली. रहाट कुठे मिळतो, असंही एकाने विचारलं.

त्यानंतर एकदा प्रिस्काने मला रिक्षात घातलं आणि विरारला कल्पेशच्या सातव्या मजल्यावरच्या घरी आणलं. त्याने दार उघडलं.

“आमच्याकडे ठेवायला जागा नाही,” ती म्हणाली. “तू ठेव.”

मला पापडीचं घर ठाऊक आहे. तिथे माझ्यासारखे चार मावतील.

“आणि बॅटरी संपत आली तर?” कल्पेशने हळूच विचारलं.

“पप्पांना विचार. ऐकू नाही आलं तर लिहून विचार.”

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, झाका, दुरुस्त करा. पण उघडण्याआधी ज्याची वस्तू आहे त्याला एकदा विचारा. तो माणूस जवळ आहे तोवर त्याला जे येतं ते वहीत उतरवून घ्या. आणि कोणाच्या हातून चूक झालीच, तर त्याला दाराबाहेर ठेवू नका. कल्पेश आता मला हात लावण्याआधी हात धुतो. पास्कोलना विचारायचे प्रश्न तो कागदावर लिहून ठेवतो आणि रविवारी ती यादी घेऊन पापडीला जातो.